ससेपालन करा, पण युनिटच्या कागदाला भुलू नका

मागाच्या धंद्यात मंदी आली की आपल्या मोहल्ल्यांतून जोडधंद्याच्या जाहिराती फिरू लागतात. कधी अळिंबीच्या, कधी मेणबत्तीच्या, कधी शेळीच्या. त्यांत सशाची जाहिरात वारंवार येते. दहा सशांचे एक 'युनिट' घ्या, सात माद्या व तीन नर, पिंजरे आम्ही देऊ, पिल्ले आम्हीच ठरलेल्या भावाने परत विकत घेऊ, असा तिचा मजकूर असतो. शेवटी 'हलाल व्यवसाय, घरबसल्या उत्पन्न' ही ओळ हमखास असते. विणकर, शिलाई कारीगर, लहान दुकानदार हा कागद आमच्यापुढे ठेवून विचारतात, यात पैसा घालावा काय?

आमचे मत आम्ही सुरुवातीलाच सांगून टाकतो. ज्याच्याकडे गावाकडे थोडे शेत आहे, पाणी आहे आणि घरात दोन वेळ हात लावणारे माणूस आहे, त्याने ससे जरूर पाळावेत. पण परत खरेदीच्या वचनावर, कर्ज काढून किंवा बायकोचे दागिने मोडून युनिट घेऊ नये. या दोन गोष्टी लोक एकच समजतात आणि तिथेच फसतात. म्हणून दोन्हींचा विचार वेगवेगळा केला पाहिजे.

जनावर हलाल आहे

ससा खावा की नाही याबद्दल आपल्याकडे अजूनही कुजबुज चालते. बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत हजरत अनस (र.) यांची रिवायत आहे. मर्रुज्जहरान येथे लोकांनी एक ससा उठवला, हजरत अनस (र.) यांनी तो पकडला, हजरत अबू तल्हा (र.) यांनी जबह केला आणि त्याच्या मागच्या भागाचे मांस प्रेषित (स.) यांच्याकडे पाठवले. त्यांनी ते स्वीकारले. चारही सुन्नी मजहबांत ससा जायज आहे. शिया फिकहात मात्र तो जायज नाही, आणि व्यापाऱ्याने हे ध्यानात ठेवले पाहिजे, कारण आपल्या बाजारातले काही गिऱ्हाईक तिथेच कमी होते. शिवाय जायज असूनही पुष्कळ घरांत सवय नसल्यामुळे ससा शिजत नाही. फतवा मिळाला म्हणजे गिऱ्हाईक मिळाले असे होत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. रानातला ससा आणि पाळीव ससा ही दोन वेगळी जनावरे आहेत. रानसशाची पिल्ले अंगावर केस व डोळे उघडे घेऊन जन्मतात, पाळीव सशाची उघडी आणि आंधळी जन्मतात. रानसशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्याला पकडणे, मारणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. कोणी 'गावठी ससा' म्हणून रानातले जनावर आणून दिले तर त्याला दारातूनच परत पाठवावे. पाळायचे ते सोव्हिएत चिंचिला, न्यूझीलंड व्हाइट, व्हाइट जायंट अशा पाळीव जातीचे.

या जनावराला काय लागते

कंपनीचा माणूस सांगतो की ससा काहीही खातो आणि त्याला काही होत नाही. हे खरे नाही. ससा नाजूक जनावर आहे.

त्याचा पहिला शत्रू उष्णता. सशाला घाम येत नाही. पारा ३० अंशांच्या वर गेला की नराची प्रजननशक्ती घटू लागते, आणि ३५ च्या वर जनावरे दगावू लागतात. मालेगाव, धुळे, जळगावात उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर असतो. पत्र्याखाली ठेवलेले ससे एका दुपारीत जातात. शेड झाडाच्या सावलीत, लांबी पूर्व-पश्चिम, छप्पर गवताचे किंवा कौलाचे आणि बाजू मोकळ्या हव्यात. उन्हाळ्यात बाजूंना गोणपाट बांधून ते ओले ठेवावे. हवा कोंडली की मूत्राचा उग्र वास साचतो, त्याने नाक गळू लागते आणि सर्दी फुप्फुसापर्यंत उतरते.

पिंजरा एका मोठ्या जनावरामागे साधारण अडीच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड फूट उंच असावा, जमिनीपासून वर टांगलेला किंवा पायांवर उभा. तळाची जाळी अशी हवी की लेंड्या खाली पडतील पण पाय अडकणार नाही. बसायला एक लाकडी फळी द्यावी, नाहीतर तळपायाला जखमा होतात. पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, कारण मुंग्या नवजात पिल्ले खातात. मांजर, कुत्रा, मुंगूस आणि साप यांचा बंदोबस्त वेगळा.

आपल्या कारीगर बांधवांना दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. एक, यंत्रमागाच्या शेजारी पिंजरा ठेवू नये. ससा दचकरा आहे. आवाजाने बिथरलेली मादी पिल्लांना तुडवते, कधी खाऊनही टाकते. दोन, कारखान्यातला सुताचा कचरा मऊ असतो म्हणून विण्याच्या पेटीत घालू नये. धागा पिल्लाच्या पायाला गुंडाळला जातो आणि पाय सडतो. पेटीत वाळके मऊ गवत घालावे, वरचे अस्तर मादी आपले केस उपटून स्वतः करते.

खाण्यात मुख्य भाग गवताचा. लसूणघास, बरसीम, दशरथ घास, चवळीचा पाला चालतो. सुबाभूळ थोडीच द्यावी, तिच्यात विषारी अंश असतो. गाजर हे सशाचे अन्न आहे असे चित्रांत दिसते, पण त्यात साखर जास्त, म्हणून ते चिमूटभरच. ओला, दवाचा किंवा बुरशी आलेला चारा देऊ नये. सशाला उलटी करता येत नाही, म्हणून पोटात गेलेली चूक बाहेर येत नाही. पाणी दिवसभर स्वच्छ हवे. रात्रीच्या वेळी ससा आपलीच मऊ लेंडी खातो, ते पाहून घाबरू नये, त्याच्या पचनाचा तो नेमच आहे. मात्र कानात खपल्या दिसल्या तर ती खरूज आहे, आणि पिल्लांना हगवण लागून पोट फुगले तर ते घातक आहे. अशा वेळी पशुवैद्याला दाखवावे. माणसाची अँटिबायोटिक गोळी चारू नये. पेनिसिलीन जातीची औषधे तोंडावाटे दिली तर ससा मरू शकतो.

मादी पाच-सहा महिन्यांची झाल्यावर नराच्या पिंजऱ्यात न्यावी. नराला मादीच्या पिंजऱ्यात सोडू नये, ती त्याला फाडते. सुमारे ३१ दिवसांनी ती विते. विण्याची पेटी २७-२८ व्या दिवशी ठेवावी. पिल्ले चार ते सहा आठवड्यांनी तोडावीत.

हा सारा नेम रोजचा आहे. ईदच्या दिवशीही सुटत नाही. मांजर बांधून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला अजाब झाला आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची बख्शिश झाली, या दोन्ही हदीसा आपण मुलांना शिकवतो. पिंजऱ्यात कोंडलेले जनावर स्वतः चारा शोधू शकत नाही. त्याची जबाबदारी पूर्णपणे आपल्या मानेवर आहे.

कागदावरचा हिशेब आणि पिंजऱ्यातला हिशेब

आता धंद्याचे बोलू. कंपनीचा कागद असा असतो: सात माद्या, वर्षाला सात वेत, दर वेताला सात पिल्ले, म्हणजे ३४३ पिल्ले. पुढे त्या पिल्लांतील माद्यांची पिल्ले जोडली जातात आणि दुसऱ्या वर्षी माणूस लखपती होतो. आपल्याकडे यालाच बाजारात तुरी म्हणतात.

आम्ही खानदेशच्या हवेचा हिशेब मांडतो. हा आमचा अंदाज आहे, प्रत्येकाने आपल्या गावाप्रमाणे बदलून घ्यावा. उन्हाळ्याचे महिने वाया जातात, म्हणून वर्षाला चार वेत धरू. दर वेताला दूध तुटेपर्यंत पाच पिल्ले जगली तर सात माद्यांची १४० झाली. विक्रीपर्यंत १२० पोहोचली तर अल्हम्दुलिल्लाह म्हणावे. बारा आठवड्यांचा ससा सुमारे दोन किलो भरतो, म्हणजे वर्षाचा माल २४० किलो. मांस साधारण निम्मे उतरते, म्हणजे १२० किलो.

आता खुराक. दहा मोठी जनावरे दिवसाला सरासरी १६० ग्रॅम सुके अन्न खातील तर वर्षाला ५८४ किलो. १२० पिल्ले दूध तुटल्यापासून विक्रीपर्यंत प्रत्येकी पाच किलो धरली तर ६०० किलो. एकूण सुमारे १,२०० किलो. म्हणजे एक किलो जिवंत वजनामागे पाच किलो आणि एक किलो मांसामागे दहा किलो खुराक. आपल्या बाजारात पशुखाद्याच्या किलोचा भाव विचारा आणि त्याला दहाने गुणा. सगळे खाद्य विकत घ्यावे लागले तर सशाच्या मांसाची किंमत निव्वळ खुराकाने एवढी होते. मजुरी, मर, औषध, पिंजरा वेगळे.

याउलट आजचा ब्रॉयलर कोंबडा एक किलो वजनाला पावणेदोन किलोच्या आसपास खाद्य खातो आणि सहा आठवड्यांत सुरीखाली येतो. विकतच्या खाद्यावर ससा कोंबडीशी टक्कर देऊ शकत नाही. मग ससा कुठे जिंकतो? तो गवत खातो, कोंबडी खात नाही. निम्मा खुराक आपल्या बांधावरच्या चाऱ्याचा असेल तरच हिशेब बसतो. निम्मा म्हणजे ६०० किलो सुका, हिरवा धरला तर सुमारे ३,००० किलो, रोजचा साधारण आठ किलो. रोज आठ किलो चांगला हिरवा चारा, मार्चपासून जूनपर्यंतसुद्धा, ज्याच्या शेतातून निघतो त्याने पुढे जावे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आणि दोन माग चालवणाऱ्या कारीगराने जाऊ नये. वरकड म्हणून लेंडीखत मिळते. ते चांगले जोमदार असते आणि भाजीच्या वाफ्याला सरळ घालता येते.

पैसा कोणाकडे अडकला आहे?

कापडाच्या धंद्यात आम्ही करार पारखण्याची एक साधी कसोटी शिकलो आहोत. कोणाचा पैसा कोणाकडे अडकला आहे ते पाहावे.

भिवंडी-मालेगावात व्यापारी मागवाल्याला सूत देतो आणि विणाईची मजुरी देतो. सूत व्यापाऱ्याचे, म्हणजे भांडवल व्यापाऱ्याचे. कापड बिघडले, बाजार पडला, तरी व्यापाऱ्याला ते उचलावेच लागते, कारण त्याचा पैसा त्या मागावर चढलेला आहे. ब्रॉयलर कोंबडीच्या करारातही असेच असते. पिल्ले, खाद्य, औषध कंपनीचे, शेतकऱ्याला वाढवण्याचे पैसे. यातही कुरबुरी असतात, पण कंपनीला यावेच लागते.

सशाच्या युनिटमध्ये उलटे आहे. पैसा आधी शेतकरी देतो, तोही बाजारात सशाला जो भाव आहे त्याच्या कितीतरी पट. कंपनीचा नफा युनिट विकल्या दिवशीच हातात आला. पुढे पिल्ले उचलणे हा तिच्या दृष्टीने फक्त खर्च. मग ती पिल्ले विकत घेऊन कोणाला विकते? मटणाच्या दुकानात तर सशाचे मांस टांगलेले आपल्याला दिसत नाही. ती पिल्ले पुढच्या शेतकऱ्याला युनिट म्हणून जातात. जोवर नवे लोक येतात तोवर जुन्यांना चेक मिळतो. नवे येणे थांबले की फोन बंद.

हे आम्ही कल्पनेने सांगत नाही. २०१२ मध्ये तमिळनाडूत इरोड जिल्ह्यातील पेरुंदुराई येथे इमू पक्ष्याच्या योजना कोसळल्या आणि शेतकऱ्यांच्या अंगणात उपाशी पक्षी उरले. २०१९ मध्ये आपल्या सांगली जिल्ह्यातून कडकनाथ कोंबडीचे प्रकरण बाहेर आले. कडकनाथ ही खरी, चांगली कोंबडी आहे, मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. दोष कोंबडीचा नव्हता, कराराचा होता. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आहे, केंद्राचाही २०१९ चा आहे. पण कायदा पैसे बुडाल्यानंतर दारात येतो.

आपल्या समाजाला तर हा धडा दुसऱ्या वाटेनेही मिळाला आहे. २०१९ मध्ये बंगळुरूत 'हलाल गुंतवणूक' या नावाखाली हजारो मुस्लिम घरांची बचत बुडाली. लोकांनी दाढी पाहिली, बिस्मिल्लाह लिहिलेली पावती पाहिली, हिशेबाची वही पाहिली नाही. मुदारबतीत नफ्यातला हिस्सा ठरतो, रक्कम ठरत नाही. जो दरमहा ठरीव रकमेची हमी देतो तो मुदारबत करत नाही, एवढे तरी प्रत्येक व्यापाऱ्याला कळले पाहिजे.

आणखी एक गोष्ट. अज्ञानकाळातील अरबांमध्ये उंटिणीच्या पोटातले पिल्लू जन्मून, मोठे होऊन व्याल्यावर पैसे देण्या-घेण्याचे सौदे चालत. प्रेषित (स.) यांनी ते मना केले, कारण जे जन्मलेच नाही त्यावर उभा असलेला सौदा भांडणात संपतो. युनिटचा करार नेमका तोच आहे असे आम्ही म्हणत नाही, फतवा देणे मुफ्ती साहेबांचे काम आहे. पण पिल्लांच्या पिल्लांचा भाव आज सांगून आज पैसे मागणारा कागद हाती आला की ही हदीस आठवावी आणि सही करण्याआधी कागद घेऊन आलिमांकडे व वकिलाकडे, दोघांकडे जावे.

अंगोराची आशा

कापडवाले म्हणून आम्हाला सशाच्या लोकरीबद्दलही विचारतात. अंगोरा सशाची लोकर फार तलम आणि ऊबदार असते हे खरे. तिची कातरणी साधारण अडीच-तीन महिन्यांनी होते. पण हे थंड मुलखाचे जनावर आहे. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे, जिचे मुख्यालय राजस्थानात अविकानगर येथे आहे, अंगोराचे काम हिमाचलात कुलू जिल्ह्यातील गडसा केंद्रात चालते, ते उगाच नव्हे. आपल्या पठारी उन्हात अंगोरा टिकणार नाही. बाजारही डळमळीत आहे. २०१३ मध्ये चीनमधील फार्मांवर जिवंत सशांचे केस उपटतानाचे चित्रीकरण जगापुढे आले आणि परदेशातील मोठमोठ्या कपडा कंपन्यांनी अंगोरा बंद केला. जनावरावरचा जुलूम शेवटी मालाच्या भावावर उतरतो, हा धडा मांसासाठी ससे पाळणाऱ्यानेही घ्यावा.

मग करावे काय?

आधी गिऱ्हाईक शोधावे, मग ससा आणावा. आपल्या तालुक्यातील दहा हॉटेलवाल्यांना आणि खाटीक बांधवांना विचारावे की आठवड्याला किती ससे, कोणत्या भावाने, रोखीने घ्याल? दोन-तीनच तयार झाले तरी चालेल, पण नाव लिहून घ्यावे. मांस विकायचे तर स्थानिक नगरपालिकेचा आणि अन्न सुरक्षा कायद्याखालील परवाना लागेल. कचेरीत जाऊन लेखी विचारावे, तोंडी उत्तरावर शेड बांधू नये. पाळीव जनावर म्हणून दुकानातून विकायचे तर २०१८ च्या नियमांप्रमाणे दुकानाची नोंदणी हवी.

सुरुवात दोन माद्या व एका नराने करावी, तीही जवळच्या शेतकऱ्याकडून, डोळ्यांनी पाहून आणि बाजारभावाने. एक पूर्ण उन्हाळा जाऊ द्यावा. पशुवैद्यकीय दवाखान्यात व कृषी विज्ञान केंद्रात आधी जाऊन यावे. प्रत्येक मादीची वेगळी पाटी ठेवावी: नराकडे कधी नेली, कधी व्याली, किती पिल्ले, किती जगली. खुराकाचा खर्च रोजच्या रोज वहीत उतरवावा. घरातील आई, बहीण, सून हे काम करत असेल तर तिची मजुरीही त्या वहीत लिहावी, नाहीतर जो नफा दिसतो तो तिचाच घाम असतो. जबह करताना सुरी धारदार असावी आणि एका जनावरासमोर दुसऱ्याला कापू नये, ही आपल्या दीनची शिकवण आहे.

वर्षभरानंतर वही सांगेल. नफा दिसला तर त्याच नफ्यातून चार माद्या वाढवाव्यात. तोटा दिसला तर तीन ससे आणि तीन पिंजरे एवढेच गेले, घर शाबूत राहिले. मोहल्ल्यात कोणी युनिटचा कागद घेऊन आला तर त्याला एकच प्रश्न विचारावा: बाबा रे, तुझ्या सशांचे मांस शेवटी कोण खातो, त्या गिऱ्हाईकाचे नाव व पत्ता दे. तो ते देऊ शकला तर पुढे बोलावे. नाही देऊ शकला तर चहा पाजून सन्मानाने निरोप द्यावा, आणि शेजाऱ्यालाही सावध करावे. जमातीच्या आणि मार्केट असोसिएशनच्या बैठकीत हा विषय निघाला पाहिजे, कारण असा माणूस एका घरी थांबत नाही, गल्लीभर फिरतो.